उष्णतेचा हिशेब मांडणारा ज्यूल

१८५३ सालच्या एप्रिल महिन्याची १६ तारीख. मुंबईच्या बोरीबंदरावर माणसांची एकच गर्दी लोटली होती. दुपारी साडेतीनच्या सुमारास एकवीस तोफांची सलामी झडली आणि चौदा डब्यांची आगगाडी ठाण्याच्या दिशेने निघाली. आत सुमारे चारशे निमंत्रित मंडळी बसली होती. पुढे 'साहिब', 'सिंध' आणि 'सुलतान' अशा नावांची तीन इंजिने धापा टाकीत होती. ना घोडा, ना बैल, आणि तरीही गाडी धावत होती! रुळांच्या दुतर्फा उभे राहिलेले लोक आ वासून पाहत होते. सुमारे चौतीस किलोमीटरांचा तो पल्ला गाठण्यासाठी बैलगाडीला सबंध दिवस मोडावा लागे. आगगाडी सूर्य मावळण्याच्या पुष्कळ आधीच ठाण्याला पोहोचली. मुंबईला आगगाडी यावी म्हणून झटणाऱ्यांत नाना शंकरशेट हे प्रमुख होते, आणि त्यांचे मूळ गाव मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातलेच. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, हा लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत जाऊन पोहोचला.

गाडी चालत होती ती कोळशाच्या जोरावर. इंजिनाच्या पोटात कोळसा जळे, त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होई, वाफ दट्ट्याला रेटी आणि दट्ट्या चाके फिरवी. हे सारे इंजिन चालवणाऱ्याला ठाऊक होते. परंतु एवढा कोळसा जाळला, तर त्यातून किती उष्णता निघाली? त्या उष्णतेतून किती काम व्हावयास हवे? प्रत्यक्षात किती झाले आणि उरलेली उष्णता गेली कोठे? व्यापारी जसा जमाखर्च लिहितो, तसा या उष्णतेचा जमाखर्च तोपर्यंत कोणी नीट लिहिलेला नव्हता. ठाण्याची गाडी सुटली, त्याच्या अवघी काही वर्षे आधी इंग्लंडातील एका माणसाने तो लिहून काढला होता. तो कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता, कोठे प्राध्यापकही नव्हता. त्याचे नाव जेम्स प्रेस्कॉट ज्यूल.

ज्यूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टर शहराला लागून असलेल्या सॅलफर्ड या गावी झाला. त्याच्या वडिलांचा बिअर तयार करण्याचा मोठा कारखाना होता. घरी कशाची ददात नव्हती. पण लहानगा जेम्स प्रकृतीने नाजूक होता. त्याच्या पाठीच्या कण्यात दोष होता. त्यातून तो अतिशय लाजाळू. त्यामुळे इतर मुलांप्रमाणे त्याला शाळेत न घालता घरीच शिक्षक ठेवून शिकवण्यात आले. सोळाव्या वर्षी मात्र त्याचे भाग्य उजळले. वडिलांनी त्याला आणि त्याचा थोरला भाऊ बेंजामिन याला जॉन डाल्टन यांच्याकडे शिकावयास पाठवले. डाल्टन म्हणजे अणुसिद्धान्त मांडणारे जगप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ! पण इतक्या थोर माणसानेही मुलांना प्रथम रसायनशास्त्र शिकवले नाही. अंकगणित आणि भूमिती यांचेच धडे त्यांनी दोन वर्षे गिरवून घेतले. पुढे पक्षाघाताच्या आजाराने डाल्टन यांचे शिकवणे थांबले. परंतु मोजल्यावाचून बोलू नये, ही सवय त्यांनी शिष्याला लावून दिली होती. ज्यूलच्या साऱ्या आयुष्यावर त्या सवयीची छाप आहे.

विजेच्या खेळांचे ज्यूल बंधूंना भारी वेड. दोघे भाऊ घरच्या घरी यंत्रे जुळवीत आणि विजेचे झटके स्वतःला देऊन पाहत. एवढ्याने भागेना, म्हणून घरातील नोकरचाकरांनाही ते झटके चाखावे लागत! हे खेळ धोक्याचे होते, हे सांगावयास नकोच. पुढे खेळाची जागा अभ्यासाने घेतली. दिवसभर वडिलांच्या कारखान्यात काम करावे आणि सकाळ-संध्याकाळच्या फावल्या वेळी घरातील लहानशा प्रयोगशाळेत शिरावे, असा त्याचा क्रम ठरून गेला.

कारखान्यातील काम त्याच्या फार उपयोगी पडले. बिअर तयार करताना धान्याचा काढा किती तापवावा आणि किती निववावा, यावर सारे यश अवलंबून असते. एखाददुसऱ्या अंशाची चूकही माल बिघडवू शकते. त्यामुळे तापमापकावर बारीक नजर ठेवण्याचा ज्यूलला लहानपणापासून सराव झाला. पुढे मँचेस्टरमधील डान्सर नावाच्या कुशल कारागिराने त्याला इतके नाजूक तापमापक करून दिले, की फॅरनहाइटच्या एका अंशाचा दोनशेवा भागही ज्यूल त्यांवर वाचू शके. मोठमोठ्या विद्वानांचाही एवढ्या सूक्ष्म वाचनावर विश्वास बसत नसे.

ज्यूलचा पहिला मोठा शोध एका फसलेल्या आशेतून निघाला. कारखान्यातील पंप वाफेच्या इंजिनावर चालत. त्या सुमारास विजेवर फिरणारी यंत्रे नुकतीच तयार होऊ लागली होती. वाफेचे इंजिन काढून टाकून त्या जागी विजेचे यंत्र बसवले तर? तरुण ज्यूलला वाटले, विजेपासून अमर्याद शक्ती मिळेल आणि तीही जवळजवळ फुकट. ती वीज मिळे विद्युत्‌घटापासून. घटात जस्ताची पट्टी असते. आम्लात ती हळूहळू खपत जाते आणि त्या रासायनिक क्रियेतून वीज निर्माण होते. ज्यूलने एक रतल जस्त खपवून किती वजन उचलले जाते, ते काळजीपूर्वक मोजले. आणि उत्तम इंजिनात एक रतल कोळसा जाळून किती वजन उचलले जाते, त्याच्याशी ताडून पाहिले. जस्ताकडून होणारे काम कोळशाच्या कामाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतके भरले. शिवाय जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग! फुकटच्या शक्तीचे स्वप्न तेथेच विरले.

दुसरा एखादा तरुण निराश होऊन स्वस्थ बसला असता. ज्यूलच्या मनात मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला. जस्त असो की कोळसा, कोणताही पदार्थ खर्ची पडल्यावाचून काम होत नाही. म्हणजे त्या पदार्थात काहीतरी साठवलेले असले पाहिजे आणि तेच कामाच्या रूपाने बाहेर येत असले पाहिजे. ते काय? आज आपण त्याला ऊर्जा म्हणतो. त्या काळी हा शब्द शास्त्रात अजून रूढ झालेला नव्हता.

१८४० साली, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतबाहेर, त्याने विजेच्या तारेत उत्पन्न होणाऱ्या उष्णतेचा नियम शोधून काढला. विद्युत्‌प्रवाह दुप्पट केला, की तार चौपट तापते. प्रवाह तिप्पट केला, की नऊपट. हा निबंध त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. तेथे त्याचा केवळ त्रोटक सारांश छापण्यात आला. एका कारखानदाराच्या पोराने राजधानीतील पंडितांना नवा नियम सांगावा, हे त्यांना फारसे मानवले नसावे. पुढे याच तऱ्हेने त्याने घटातील रासायनिक क्रियेची उष्णताही तपासली. घट आणि तार मिळून जेवढी उष्णता निघते, ती त्या घटातील जस्ताची रासायनिक क्रिया विजेवाचून घडली असती, तर निघाली असती तेवढीच असते, असे त्याला आढळले. उष्णता वाटेत वीज होऊन आली म्हणून हिशेबात काही कमी-जास्त होत नाही.

येथे थोडे थांबून रासायनिक उष्णतेकडे पाहिले पाहिजे. चुन्याच्या कळ्यांवर पाणी ओतले, की त्या फसफसतात आणि भांडे हाताला चटका बसण्याइतके तापते. म्हणून या खेळाच्या वाटेला कोणी जाऊ नये. याउलट कल्हईवाला वापरतो तो नवसागर पाण्यात विरघळवला, तर पाणी चक्क गार होते. पहिल्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. अशा क्रियेला ऊष्मादायी म्हणतात. दुसरीत बाहेरची उष्णता आत ओढली जाते, ती ऊष्माग्राही. कोळशाचे जळणे ऊष्मादायी आहे, तर भट्टीत चुनखडी भाजून चुना करणे ऊष्माग्राही. चुनखडी भाजताना जी उष्णता द्यावी लागली, तिचाच काही हिस्सा चुन्याच्या कळ्यांवर पाणी ओतताना परत मिळतो. जणू भट्टीत ठेव ठेवली आणि पाण्याच्या वेळी तिच्यातून काही रक्कम काढून घेतली.

ज्या वर्षी ज्यूलने आपला विजेचा नियम मांडला, त्याच १८४० साली रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे जेर्मां हेस नावाच्या रसायनशास्त्रज्ञानेही एक सुंदर नियम प्रसिद्ध केला. एखादी रासायनिक क्रिया एका दमात घडो की दोन-तीन टप्प्यांत, तिची एकूण उष्णता तीच भरते. कल्याणजवळचा मलंगगड चढावयाचा असेल, तर वाट कोणतीही धरा, पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची काही बदलत नाही. तसेच हे आहे. बारा ग्रॅम शुद्ध कार्बन पुरेशा हवेत जाळला, तर सुमारे ३९३ किलोज्यूल उष्णता मिळते. तोच कार्बन अपुऱ्या हवेत अर्धवट जाळला, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो आणि सुमारे ११० किलोज्यूल उष्णता निघते. मग हा वायू पुन्हा जाळला, की उरलेली सुमारे २८३ मिळतेच. वाटेत कितीही मुक्काम केले, तरी बेरीज तीच. थंडीच्या दिवसांत दारेखिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटवू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात, त्याचे कारणही याच अर्धवट जळण्यात आहे.

ज्यूलच्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांची अशी समजूत होती, की उष्णता हा एक अदृश्य आणि वजनरहित द्रव आहे. त्याला ते 'कॅलरिक' म्हणत. तापलेल्या वस्तूत तो अधिक असतो, थंड वस्तूत कमी. तो एकीतून दुसरीत वाहतो, पण नव्याने उत्पन्न होत नाही आणि नाहीसाही होत नाही. तोफेच्या नळीला भोक पाडताना ती अखंड तापत राहते, हे रम्फर्ड याने १७९८ सालीच दाखवून या मताला धक्का दिला होता. तळहात एकमेकांवर जोराने घासले, की ते ऊन होतात, हे तर पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्या वेळी 'कॅलरिक' येतो कोठून? पण जुन्या मताची मुळे खोल गेली होती.

१८४३ साली ज्यूलने पाण्यात ठेवलेले तारेचे वेटोळे लोहचुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवून उष्णता निर्माण केली आणि वेटोळे फिरवण्यास किती श्रम पडले, तेही मोजले. श्रम आणि उष्णता यांचे ठराविक नाते त्याला दिसले. हे त्याने आयर्लंडातील कॉर्क शहरी भरलेल्या शास्त्रज्ञांच्या संमेलनात सांगितले. श्रोते गप्प राहिले. कोणी विरोध केला नाही, कोणी प्रश्न विचारला नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. विरोधापेक्षा अशी शांतता अधिक बोचते. दुसऱ्या वर्षी हवेवरील प्रयोगांचा त्याचा निबंध रॉयल सोसायटीने छापण्याचे नाकारले. ज्यूल चडफडत बसला नाही. त्याने तो दुसऱ्या नियतकालिकात छापून आणला आणि पुढच्या प्रयोगाची तयारी सुरू केली.

हा पुढचा प्रयोग शास्त्राच्या इतिहासात अमर झाला आहे. एका तांब्याच्या भांड्यात पाणी भरलेले होते. त्यात रवीसारखी फिरणारी पितळेची वल्ही बसवली होती. ताक घुसळताना आपण दोरी आळीपाळीने ओढतो. येथे दोरी ओढण्याचे काम शिशाची दोन वजने करीत. प्रत्येक वजन सुमारे तेरा किलोग्रॅमांचे. कप्प्यांवरून गेलेल्या दोऱ्यांना बांधलेली ही वजने संथपणे खाली उतरत आणि त्यांच्या ओढीने पाणी घुसळले जाई. वजने सुमारे दीड मीटर खाली आली, की ती पुन्हा वर चढवावयाची आणि पुन्हा सोडावयाची. असे वीस वेळा. एवढा खटाटोप करून पाणी किती तापे? सेल्सिअसच्या अंशाचा जेमतेम तिसरा हिस्सा! खोलीत माणसाच्या अंगाची ऊब जरी भांड्याला लागली, तरी हिशेब चुकावयाचा. म्हणून ज्यूल हे प्रयोग तापमान सहसा न बदलणाऱ्या तळघरात करी. हवेतून येणारी उष्णता किती, दोऱ्यांच्या घर्षणात वाया जाणारे श्रम किती, हे सारे तो वेगळे मोजी आणि वजा करी. पाण्याऐवजी त्याने देवमाशाचे तेल घेऊन पाहिले, पारा घेऊन पाहिला, लोखंडावर लोखंड घासून पाहिले. पदार्थ बदलले, उपकरणे बदलली, तरी आकडा जवळजवळ तोच आला.

तो आकडा काय सांगतो? एक किलोग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवावयाचे असेल, तर जे श्रम पडतात, तेवढ्याच श्रमांत एक किलोग्रॅमाचे वजन सुमारे ४२७ मीटर उंच उचलता येते. उष्णता हा द्रव नव्हेच. श्रमांचे तिच्यात आणि तिचे श्रमांत रूपांतर होते, आणि त्या देवघेवीचा भाव ठरलेला आहे.

१८४७ सालच्या जून महिन्यात ऑक्सफर्ड येथे पुन्हा शास्त्रज्ञांचे संमेलन भरले. वेळ थोडा होता. सभेच्या अध्यक्षाने ज्यूलला निबंध न वाचता तोंडी आणि थोडक्यात सांगावयास बजावले. त्याने तसे केले. आणखी एक निबंध असाच विस्मृतीत जावयाचा. पण श्रोत्यांत विल्यम थॉमसन नावाचा तेवीस वर्षांचा एक प्राध्यापक बसला होता. हाच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आला. ज्यूल सांगतो ते खरे मानले, तर आपण शिकलो त्यातील पुष्कळसे चुकीचे ठरते, हे थॉमसनच्या ध्यानात आले. तो चपापला, त्याने शंका काढल्या, आणि त्याच्या शंकांमुळे इतरांचेही लक्ष ज्यूलकडे वळले. थॉमसनला ज्यूलचे म्हणणे पूर्णपणे पटावयास आणखी तीन-चार वर्षे लागली. पण मैत्री जुळली ती तेथेच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ज्यूलचा अमेलिया ग्राइम्स हिच्याशी विवाह झाला आणि नवपरिणीत जोडपे आल्प्स पर्वताच्या सहलीस गेले. योगायोगाने थॉमसनही तेथे भटकत होता. वाटेत त्याची ज्यूलशी गाठ पडली, तेव्हा ज्यूलच्या हातात एक लांबलचक तापमापक होता, असे थॉमसन पुढे सांगत असे. धबधब्याचे पाणी वरून खाली आपटते, तेव्हा पडण्याचे श्रम उष्णतेत बदलले पाहिजेत आणि तळाचे पाणी माथ्यापेक्षा किंचित ऊन लागले पाहिजे, असा ज्यूलचा तर्क होता. दोघांनी मिळून तसे पाहण्याचा प्रयत्नही केला. परंतु धबधब्याचे पाणी खाली येईपर्यंत तुषार होऊन उडून जाई, त्यामुळे काही मोजता आले नाही. तर्क मात्र बरोबर होता. जोगचा धबधबा २५३ मीटरांचा; तेथील सारे श्रम उष्णतेत बदलले, तर पाणी अर्ध्या अंशाहून थोडे अधिक तापेल. लग्नाच्या सहलीत तापमापक घेऊन धबधबे धुंडाळणाऱ्या नवऱ्याबद्दल अमेलियाला काय वाटले असेल, याची नोंद कोणी केलेली नाही!

अखेर १८४९ साली ज्यूलचा मोठा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला. तो मांडला मायकेल फॅरडे यांनी. पुढच्या वर्षी तो छापलाही गेला आणि ज्यूल सोसायटीचा सभासद झाला. तरीही परीक्षकांनी एक अट घातलीच. घर्षण म्हणजे श्रमांचे उष्णतेत होणारे रूपांतर, असा जो निष्कर्ष त्याने स्पष्ट लिहिला होता, तो त्यांना धीट वाटला आणि त्यांनी तो गाळावयास लावला. ज्यूलने तो गाळला. पण अशी ओळ समितीच्या इच्छेवरून काढून टाकली आहे, अशी प्रामाणिक टीप पुढे जोडून ठेवली.

या शोधाचे श्रेय एकट्या ज्यूलचे आहे काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. जर्मनीतील रॉबर्ट मायर हा वैद्य १८४० साली जहाजावरून जावा बेटावर गेला होता. उष्ण प्रदेशात खलाशांच्या शिरांतील रक्त अधिक लाल दिसते, हे पाहून तो विचारात पडला. अन्नाचे शरीरात मंद ज्वलन होते. उष्ण हवेत शरीराला ऊब कमी लागते, म्हणून ज्वलनही कमी होते. येथून विचार करीत तो उष्णता आणि श्रम यांच्या समानतेपर्यंत पोहोचला आणि १८४२ साली, म्हणजे ज्यूलच्याही आधी, त्याने ती कल्पना प्रसिद्ध केली. पुढे कोण पहिला यावरून दोन्ही देशांत मोठा वाद माजला. कल्पना मायरला आधी सुचली. पण ती प्रयोगांनी, पुन्हा पुन्हा मोजून, ज्यूलने सिद्ध केली, असे म्हणणे योग्य होईल.

मान मिळू लागला, त्याच सुमारास घरात दुःख शिरले. १८५४ साली अमेलिया वारली. तिचे तिसरे मूलही जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत दगावले होते. एक मुलगा आणि एक मुलगी यांना घेऊन ज्यूल मागे राहिला. त्यानंतर कारखानाही विकला गेला. मुळातच अबोल असलेला हा माणूस आणखी अबोल झाला आणि प्रयोगांतच रमू लागला.

थॉमसनशी असलेली मैत्री या काळात फळास आली. दोघांनी पुढची जवळजवळ दहा वर्षे वायूंवर प्रयोग केले. थॉमसनने विचार सुचवावा आणि ज्यूलने तो प्रयोगाने पारखून पाहावा, अशी जोडी जमली. दाबाखाली असलेली हवा कापूस किंवा रेशीम यांच्या घट्ट बोळ्यातून हळूहळू पलीकडे जाऊ दिली, तर ती किंचित थंड होते, असे त्यांना आढळले. घट फार थोडी होती. पण हीच क्रिया पुन्हा पुन्हा करून जर्मनीतील लिंडे याने १८९५ साली हवेचे द्रवात रूपांतर करण्याचे यंत्र उभारले. रुग्णालयातील आजाऱ्यांना लागणारा प्राणवायू द्रवरूप हवेतून वेगळा काढतात, त्याच्या मुळाशी ज्यूल आणि थॉमसन यांचा तो लहानसा बोळा आहे.

या प्रयोगात वायूची एक गोष्ट बोळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच राहते. तिला एन्थाल्पी असे नाव आहे. हे नाव ज्यूलने दिलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञामुळे ते प्रचारात आले. पदार्थाची स्वतःची आतली ऊर्जा आणि भोवतालच्या हवेला बाजूला सारून आपली जागा व्यापण्यासाठी खर्ची पडलेली ऊर्जा, या दोहोंची बेरीज म्हणजे एन्थाल्पी. उघड्या भांड्यात रासायनिक क्रिया घडते, तेव्हा जेवढी उष्णता बाहेर पडते किंवा आत घेतली जाते, तेवढाच पदार्थांच्या एन्थाल्पीत फरक पडतो. चुन्याच्या कळ्या भिजल्या, की एन्थाल्पी कमी होते. नवसागर विरघळला, की वाढते.

हे सारे पुस्तकात ठेवण्यापुरते आहे असे कोणी समजू नये. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंग, औषधे आणि नानाविध रसायने तयार होतात. तेथील मोठ्या पात्रांना दुहेरी भिंत असते आणि मधल्या पोकळीतून गार पाणी खेळवलेले असते. आतील क्रिया ऊष्मादायी असली, तर तिच्यातून किती उष्णता निघणार, याचा हिशेब आधी मांडून तेवढे पाणी पुरवावे लागते. उष्णता काढून नेण्यास उशीर झाला, तर आतील पदार्थ तापतो. तापला, की क्रिया अधिक वेगाने घडते. वेग वाढला, की तो आणखी तापतो. मग आवरणे कठीण. रासायनिक कारखान्यात स्फोट झाला म्हणजे काय होते, ते त्या गावाने २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत पाहिले आहे. दोन्ही वेळा माणसे प्राणांस मुकली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या.

आगगाडीच्या कोळशाचा हिशेबही ज्यूलच्या रीतीनेच मांडता येतो. एक किलोग्रॅम चांगल्या दगडी कोळशात सुमारे तीन कोटी ज्यूल ऊर्जा साठवलेली असते. ती सारी कामी आली, तर तीन हजार टन वजन एक मीटर उंच उचलले जाईल! पण ठाण्याला आलेल्या त्या जुन्या इंजिनांना शंभर भागांतले थोडेसेच भाग कामी लावता येत. उरलेली उष्णता धुरांड्यातून आणि वाफेबरोबर हवेत जाई. नष्ट मात्र तिच्यातला एक ज्यूलही होत नसे. पुढे वाफेची इंजिने जाऊन विजेच्या गाड्या आल्या. त्या काळात कल्याण आणि डोंबिवली यांच्या मध्ये, ठाकुर्लीला, रेल्वेचे कोळशावर चालणारे वीजगृह कित्येक वर्षे धडधडत होते. कोळशाची उष्णता, उष्णतेची वाफ, वाफेची गती, गतीची वीज आणि विजेची पुन्हा गती, असा तो फेरा होता.

उतारवयात ज्यूलची सांपत्तिक स्थिती खालावली. जन्मभर प्रयोगांचा खर्च त्याने बहुतांशी स्वतःच्या पैशातून केला होता. १८७८ साली ब्रिटिश सरकारने त्याला सालीना दोनशे पौंडांचे निवृत्तिवेतन सुरू केले. त्याआधी १८७० साली रॉयल सोसायटीने आपले कॉप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला होता. त्याच्या पहिल्या निबंधाचा सारांश छापून बोळवण करणारी संस्था ती हीच. वय झाले, तरी हाताची सवय सुटली नाही. साठीच्या उंबरठ्यावर असताना त्याने पाणी घुसळण्याचा प्रयोग पुन्हा नव्याने, अधिक काटेकोरपणे केला. इंग्रजी मापांत त्याचा पूर्वीचा आकडा ७७२ होता. अठ्ठावीस वर्षांनी आला तो ७७२.५५.

१८८९ सालच्या उन्हाळ्यात पॅरिस येथे विद्युत्‌शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने ऊर्जेच्या एककाला 'ज्यूल' असे नाव दिले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबर रोजी मँचेस्टरजवळच्या सेल या गावी ज्यूलने देह ठेवला. मँचेस्टरच्या नगरभवनात शिरताना दाराच्या दोन्ही बाजूंना दोन पुतळे समोरासमोर बसवलेले आहेत. एक डाल्टन यांचा आणि दुसरा त्यांच्या या शिष्याचा. सेलच्या स्मशानभूमीत ज्यूलची समाधी आहे. तिच्या दगडावर, अगदी माथ्याशी, एक आकडा कोरलेला आहे: ७७२.५५.